गळ्याचा कापलेला तुकडा

३ आषाढ
चिलमारीचा बांध

मर्जिना,

दुवा.

हे पत्र मी माझ्या हातानं लिहिलं आहे. मध्ये लिहून देणारं कुणी नाही. अक्षर वाकडं आहे आणि ओळी उजवीकडे उतरत जातात, तेवढं चालवून घे. एवढं लिहायला मला दुपारपासून असरच्या नमाजाच्या बांगेपर्यंत वेळ लागला.

तुझा पत्ता रोशनारानं दिला. छबिरनची मुलगी, आमच्या शिवणवर्गातून शिकून गाजीपूरला कपड्यांच्या कारखान्यात कामाला गेलेली. ईदला आली तेव्हा म्हणाली, "चाची, आमच्या मजल्यावर एक मर्जिना आहे, बाह्या जोडते. सासर सोडून आलेली, फारशी बोलत नाही. हनुवटीवर भाजल्याचा डाग आहे." तो डाग माझ्या चुलीचा आहे. तू दीड वर्षाची होतीस.

तिनं तुला माझं नाव सांगितलं तेव्हा तू मशीनची सुई बदलायला उठून गेलीस, असंही ती म्हणाली. भाबडी पोर आहे. "सुई तर चांगली होती, चाची," म्हणत होती.

मी बरी आहे. तू गेल्यापासून नदीपायी घर तीनदा उचललं. छपराचे पत्रे तेच, तुझ्या अब्बांनी घेतलेले. आता बांधाच्या आतल्या बाजूला एक खोली मिळाली आहे, दाराला कडी आहे. तोफाज्जल चाचा गेल्या माघात वारले. शेवटी त्यांना दिसत नव्हतं.

तुझी चारही पत्रं मला मिळाली होती. आठ वर्षं झाली. त्यांच्याबद्दल मला तुला एकच गोष्ट विचारायची आहे, पण ती एका दमात लिहिता येणार नाही. आधी हे पत्र पोचतं का पाहू.

रोशनारा म्हणते, बाजारातल्या दुकानातून फोन करा. फोन तू ठेवून देशील. पत्र न वाचता ठेवलंस तरी घरात राहील.

खाली काय लिहावं याचा बराच वेळ विचार केला. नाव लिहिते.

शहरबानू बेवा


२१ आषाढ

मर्जिना,

पोस्टमन म्हणतो, गाजीपूरला पत्र सहा दिवसांत जातं. मी अठरा मोजले. तरी लिहिते, कारण जे विचारायचं ते अजून विचारलेलंच नाही. आधी वर्गाचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तीन वर्षांमागे बांधावरच्या तागाच्या जुन्या गोदामात एका संस्थेनं शिवणवर्ग काढला. नदीनं उठवलेल्या आणि पदरात मुलं असलेल्या बायकांसाठी. आम्ही अठराजणी गेलो. खरं सांगायचं तर निम्म्या साबणाची वडी मिळते म्हणून. शिकवायला दिलरुबा आपा, रंगपूरची, चष्मेवाली, बोटांना सदा खडू लागलेला. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "तुम्हाला काय काय येतं?"

म्हातारी हालिमन म्हणाली, "घर मोडता येतं."

सगळ्या हसल्या. हालिमन हसली नाही. "हसता काय ग? पाणी पायरीला लागलं की तासाभरात घर सोडवून नावेत चढवते मी. पत्र्याला बाक येत नाही, खांब उलटा लागत नाही. अकरा वेळा केलंय. आहे कुणी तुमच्या रंगपुरात?"

"नाही, नानी," आपा म्हणाली. "मग तुम्हाला शिवण सोपं जाईल. हेही सुटे तुकडे जुळवायचंच काम आहे."

तिसऱ्या आठवड्यात कागदी कटिंग आलं. कापडाला कात्री लावण्याआधी कागदावर कापायचं, म्हणजे चूक कागदात राहते. दोन वर्षांच्या मुलीचा फ्रॉक होता. आपा म्हणाली, घरून जाड कागद आणा, वर्तमानपत्र खळीनं फाटतं. बांधावर जाड कागद कुणाच्या घरी असणार? माझ्या घरी होता. पत्र्याच्या पेटीत तुझी चार पत्रं होती, वहीच्या जाड कागदावर, एकाच बाजूला लिहिलेली.

चाचांनी ती चारही मला वाचून दाखवली होती. चारींत एकच मजकूर. मी बरी आहे, सासरचे चांगले आहेत, काळजी करू नका, सगळ्यांना सलाम. मला तो पाठ होता. चारींत एकच गोष्ट असेल तर कागद कशाला अडवून ठेवायचा, असं मी स्वतःला सांगितलं. भाताच्या खळीनं पानं जोडून एक मोठा कागद केला, लिहिलेली बाजू आत घेऊन दुमडला आणि वर फ्रॉक आखला. गळा, बाहीचा मुंढा, घेर. शिवणीसाठी अर्धा इंच माया सोडली. त्या दिवशी पहिल्यांदा कात्री माझ्या हाताला बसली. आपानं माझं कटिंग सगळ्यांना दाखवलं आणि उलगडून भिंतीवर खिळ्याला टांगलं. लिहिलेली बाजू भिंतीकडे. खाली पडलेले तुकडे हालिमननं गोळा करून चहाच्या चुलीत घातले.

दोन वर्षांहून जास्त काळ ते तिथं होतं. मी रोज त्याच्यासमोर बसून शिवलं. बाहेरचे पाहुणे आले की आपा म्हणायची, "हे आमच्या शहरबानूबुबूचं." आणि मी मान खाली घालून हसायची.

आज इथं थांबते. पुढचं लिहायला हात चालत नाही.

शहरबानू


४ श्रावण

मर्जिना,

पाणी बांधाच्या मध्यापर्यंत आलं आहे. वर्ग बंद आहे, मशिनी आम्ही बाजल्यांवर चढवून ठेवल्या. वेळ आहे म्हणून लिहून टाकते.

वाचायला मला कुणी शिकवलं नाही. आपानं आकडे शिकवले, इंच आणि पाव इंच, तेवढ्यावर माप घेता येतं. अक्षरं मी मदतीच्या तांदळाच्या रांगेत शिकले. कारकून यादीवर बोट ठेवून नावं पुकारायचा. मी मुद्दाम पुढं उभी राहायची. बोट कुठं आहे आणि तोंडातून काय निघतंय. छबिरन. हालिमन. शहरबानू. साठ नावं, दर महिन्याला तीच, तीच. मग मुरमुऱ्यांच्या पुड्यांवरचं अक्षर लागायला लागलं, मग दुकानाची पाटी, मग औषधाच्या बाटलीवरचं.

या फाल्गुनात एक दिवस वर्ग झाडत होते. वाऱ्यानं कटिंग उलटं झालं. खिळ्यापाशी एक शब्द होता. मी तो लावून पाहिला. 'न्यायला' असा होता.

मी झाडू ठेवला आणि कटिंग खाली काढलं.

डाव्या खांद्यावर असं आहे, "भिंतीकडे तोंड करून बसते म्हणजे त्यांना". पुढे मुंढा कापलेला आहे.

मुंढ्याखाली, "सातवा लागला. मुराळी कधी पाठवतेस? सगळ्यांच्या माहेरचं माणूस आलं, मला रोज विचारतात". पुढे खळीत बुडालं आहे.

घेरावर एक अख्खी ओळ वाचली आहे. "कुणालाही पाठव. पायी आलं तरी चालेल, मी पायी येईन."

आणि अगदी खाली, शिवणीच्या मायेत, "घर गेलं ते कळलं. घर नसलं तरी चालेल, मा. मी बांधावर राहीन."

चाचांना जाऊन तेव्हा महिना झाला होता. सख्खा दीर, तुझ्या अब्बांच्या पाठचा. त्या माणसानं माझ्या पुढ्यात बसून, माझ्या हातचा भात खाऊन, माझ्या लेकीचं पत्र मला खोटं वाचून दाखवलं. चार वेळा. मी त्यांच्या कबरीवर माती टाकून आले होते. महिनाभर आधी वाचायला आलं असतं तर टाकली नसती.

आता विचारायचं ते. चौथं पत्र वरच्या बाजूला आलं होतं. त्यावर "मुलगी झाली" हे आहे. मुलगी झाली आणि राहिली नाही, हे मला चाचांनी तोंडी सांगितलं होतं. त्याखालच्या ओळीत "तिचे डोळे" असं आहे आणि तिथं गळा सुरू होतो. गळा संपल्यावर पलीकडे "एवढं लवकर कळव" असं आहे. मधला गोल तुकडा चुलीत गेला.

तू मला काय कळवायला सांगितलं होतंस?

एवढंच मला हवं आहे. बाकी तू काही लिहिलं नाहीस तरी चालेल. तो एक तुकडा मला परत सांग.

शहरबानू


१० भाद्र

मर्जिना,

तुझ्याकडून काही नाही. मी तक्रार करत नाही. तू वर्षभर वाट पाहिलीस, मला अजून तीन महिनेही झाले नाहीत.

पाणी उतरलं. या खेपेला पलीकडच्या चराचं अख्खं बेट नदीनं नेलं आणि बांधावर चाळीस घरं नवी आली. वर्गात अकराजणी आल्या. आपा आता मला मदतीला घेते, कटिंग मी शिकवते. त्यातली एक अंबिया, तुझ्याच वयाची, दोन मुलं, तिसरं कडेवर. पंधरवड्यामागे मी जाड कागद आणायला सांगितला. तिनं पदराच्या गाठीतून तीन कागद काढले.

"वही नाही माझ्याकडे, बुबू. हे चालतील का बघा."

"कुणाचे आहेत?"

"आमच्या माणसाचे. कुमिल्ल्याला भातकापणीला गेलाय. बरा आहे म्हणतो."

"कुणी वाचलं?"

"दुकानदारानं. तेल घ्यायला गेले तेव्हा."

माझ्या हातात कात्री होती. ती मी खाली ठेवली. म्हटलं, "मी एकदा वाचते, मग काप."

वाचायला लागले. हालिमन बाजूला बसून दोरा ओवत होती. ती म्हणाली, "बस निवांत, अंबिया. शहरबानूचं वाचन म्हणजे बैलगाडी. पोचते, पण चाक कुरकुरतं." बायका हसल्या. अंबियाही हसली.

पहिल्या दोन पत्रांत खरंच तो बरा होता. तिसऱ्यात लिहिलं होतं की तिकडे त्यानं दुसरं घर केलं आहे. माझी वाट पाहू नकोस. थोरल्याला मदरशात घाल, धाकटी दोन तुझ्या भावाकडे दे. मला शोधायला कुणाला पाठवू नकोस.

मी वर पाहिलं. अंबिया कडेवरच्या पोराच्या तोंडात मुरमुरे घालत होती.

"एवढा वेळ लागतो?" ती म्हणाली. "दुकानदार तर पटकन वाचतो."

मर्जिना, तुला सांगते, बरा आहे हे शब्द माझ्या तोंडात आले होते. दातांपर्यंत आले होते. अकराजणी पाहत होत्या, पोर मुरमुरे खात होतं, आणि बरा आहे म्हटलं असतं तर तो दिवस तसाच पार पडला असता. मला त्या क्षणी चाचांचा चेहरा दिसला. ते पत्र वाचताना माझ्याकडे कधी पाहत नसत. मीही पाहत नव्हते, अंबियाच्या पायांकडे पाहत होते.

मी वाचलं. जसं होतं तसं, प्रत्येक शब्द.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

पुन्हा वाचलं. हालिमनच्या हातातला दोरा तसाच राहिला.

"दुकानदार खोटं का बोलला?"

"तुला रडताना पाहायचं नसेल त्याला."

"म्हणजे माझं रडणं त्याला जड झालं असतं." तिनं तिन्ही कागद माझ्या हातातून घेतले, घडी केली, गाठीत बांधले. "आणि तुला नाही झालं."

गेली. आठ दिवस आली नाही. आपा मला म्हणाली, "थोडं हळू सांगता आलं असतं, बुबू." मला हळू सांगणं येत नाही. माझं वाचनच तसं आहे, एकेक अक्षर.

नवव्या दिवशी अंबिया आली, पाटी घेऊन. माझ्यापुढे बसली. "मला शिकव. पुढचं पत्र आलं तर माझं मी वाचीन. तुझ्या तोंडून नको आणि दुकानदाराच्या तोंडूनही नको."

"त्याच्या नावापासून सुरू करू?"

"त्याच्या कशाला? माझ्या."

आता वर्गात नियम केला आहे. घरून आणलेला कुठलाही कागद आधी वाचायचा, मग कात्री.

शहरबानू


१ आश्विन

मर्जिना,

श्रावणात मी तुला जे लिहिलं ते खरं होतं, पण सगळं नव्हतं. अंबियाच्या दिवसापासून ते मला खात आहे. आज सगळं लिहिते.

तुझं पहिलं पत्र चार पानांचं होतं. चाचांनी ते दोन श्वासांत वाचलं. मला वाचता येत नव्हतं, पण पानं मोजता येत होती. त्यांचे डोळे खाली जायचे, परत वर यायचे, ओठ हलायचे आणि तोंडातून निघायचं, बरी आहे. दुसऱ्या पत्राच्या वेळी त्यांनी घाईनं घडी घातली. मी म्हटलं, "एवढंच?" ते म्हणाले, "एवढंच, भाबी." मी म्हटलं, "बरं झालं." आणि त्यांच्या ताटात भात वाढला.

बांधावर इमाम होते. शाळेची मास्तरीण होती, ती तुझं अक्षर ओळखत होती. एकदा ती स्वतः म्हणाली, "मर्जिनाचं पत्र आलं म्हणे, दाखवा ना." मी म्हटलं, पेटी नावेत आहे. पेटी माझ्या पाठीमागे होती.

स्वतःला मी असं समजावलं की तू आलीस तर तुला निजवू कुठं? चार पत्र्यांखाली आम्ही नऊ माणसं होतो. पहिलटकरीण मुलगी, उघडा बांध, खाली नदी. लोकांना हेच सांगत आले. पण तू तर लिहिलं होतंस की बांधावर राहीन. ते मला माहीत नव्हतं खरं, कारण माहीत होऊ दिलं नाही.

खरं कारण हे आहे. तुझं लग्न मी जमवलं. चाचांनी नाही, मी. आणि मी मुलगा पाहिला नाही, जमीन पाहिली. पलाशबाडीला तुझ्या सासरच्या अंगणात सगळे पान खात बसले होते, तेव्हा मी मागल्या बाजूला गेले आणि टाच मारून पाहिली. टाच रुतली नाही. आयुष्यभर वाळूवर घर मांडलेल्या बाईला दुसरं काय कळणार? घरी येऊन मी सांगितलं, या घराखाली नदी येणार नाही, पोरीला इथंच द्यायची. तुझ्या नवऱ्याचा आवाजसुद्धा मी तेव्हा ऐकलेला नव्हता. तू सातवीत होतीस, चौदा वर्षांची. "परीक्षा झाल्यावर चालणार नाही का?" एवढंच तू विचारलंस. मी म्हटलं, नदी परीक्षेला थांबत नाही. ती खरंच थांबली नाही, चार महिन्यांत घर गेलं, आणि मला वाटलं की बघा, मी बरोबर होते.

तुझी पत्रं नीट वाचून घेतली असती तर माझी टाच चुकली असं म्हणावं लागलं असतं. म्हणून चाचा खोटं वाचत गेले आणि मी खोटं ऐकत गेले. त्यांच्या एकट्याच्या माथी मारून मी जे लिहिलं ते मागे घेते. पुढे मूल गेल्याचं कळलं, तेव्हाही मी आले नाही. चाचा म्हणाले, "जायला हवं, भाबी." मी म्हटलं, कुठल्या तोंडानं? तेव्हा ते रडले. मी रडले नाही. कात्रीनं पत्रं कापली त्या दिवशीही रडले नाही. पेटी हलकी झाली असं वाटलं.

हे वाचून तू मला माफ कर असं मी म्हणत नाही.

आता माझ्याकडे खोली आहे. मुराळी म्हणून पाठवायला घरात कुणी पुरुषमाणूस उरलेला नाही, म्हणून मीच येते. तू म्हणशील त्या दिवशी तुमच्या फाटकाबाहेर उभी राहीन. नारळाचं सारण भरून पिठे करून आणीन. चार दिवस ये. एक दिवस ये.

आणि येणार नसलीस तर तेवढा गळ्याचा तुकडा सांग.

तुझी मा


१४ आश्विन
कोनाबाडी, गाजीपूर

पाचही पत्रं पोचली. पहिली चार उघडली नव्हती. पाचव्यावर अक्षर जास्त वाकडं होतं म्हणून ते उघडलं. मग सुट्टीच्या दिवशी बाकीची वाचली.

मला न्यायला येऊ नकोस. मुराळ्याची वाट मी एक वर्ष पाहिली. ती वाट तेवढीच होती.

आठ वर्षं मी असं धरून चालले की तू सगळं वाचून घेतलंस आणि गप्प राहिलीस. आता कळलं की वाचून न घेता गप्प राहिलीस. यातलं कुठलं बरं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

गळ्याचा तुकडा विचारलास. मला तो शब्दाशब्दानं आठवतो. 'तिचे डोळे तुझ्यासारखे आहेत. आपल्यात पहिल्या मुलाचं नाव आईची आई ठेवते, म्हणून सातव्या दिवशी मी कुणाला ठेवू दिलं नाही. सासूला सांगितलं, माझी मा पाठवेल. नाव काय ठेवू, एवढं लवकर कळव.'

ती एकोणीस दिवस होती. मौलवींनी नाव विचारलं तेव्हा मी म्हटलं, अजून आलेलं नाही.

एक गोष्ट मात्र लिहिते. जमिनीबाबत तुझी टाच चुकली नव्हती. माझी लेक मागल्या बाजूला आहे, बोरीच्या झाडाखाली. तिथं नदी आली नाही आणि येणार नाही. अब्बांची कबर गेली तशी तिची जाणार नाही.

रेघांच्या वहीवर लिहीत जा. ओळी उतरणार नाहीत.

मर्जिना


९ कार्तिक
चिलमारीचा बांध

मर्जिना,

रेघांची वही घेतली.

तू नको म्हणालीस म्हणून गाजीपूरला आले नाही. पलाशबाडीला गेले. घाटापर्यंत हालिमन पोचवायला आली. म्हणाली, "हाकलून दिलं तर परत येशील ना, का तिथंच बसशील?" मी म्हटलं, बघू.

तुझी सासू अंगणात भात वाळवत होती. आता वाकली आहे. हात डोळ्यांवर धरून म्हणाली, "कोण?"

"मर्जिनाची मा."

तिनं डोळ्यांवरचा हात खाली घेतला. मग म्हणाली, "आता?"

"आता."

तुझा नवरा घरी नव्हता, असता तर काय झालं असतं मला माहीत नाही. ती उठून मागल्या बाजूला चालायला लागली, मी तिच्या मागून गेले. बोर वाढली आहे. खाली हातभर जागा आहे, भोवती बांबूच्या काटक्या रोवलेल्या. "गुरं तुडवतात," ती म्हणाली, "म्हणून दर वर्षी नव्या लावते." मग विहिरीकडे गेली आणि मुद्दाम तिथंच घोटाळत राहिली.

मी चपला काढल्या. जमीन घट्ट आहे, तू लिहिलंस तशीच. जिथं मी टाच मारली होती ती जागा चार पावलांवर आहे, मी ओळखली. या खेपेला टाच टेकवली नाही. खाली बसले आणि हात ठेवला.

नाव मी आठ वर्षांपूर्वी ठरवलं होतं असं खोटं सांगणार नाही. जाताना नावेत ठरवलं. माझ्या आईनं तुझं नाव ठेवलं होतं, म्हणून तिचंच नाव तुझ्या लेकीला दिलं. मेहेरून. वाकून, कानात सांगतात तसं सांगितलं. मग उठून मोठ्यानं म्हटलं, म्हणजे कुणीतरी ऐकलेलं असावं. तुझी सासू विहिरीपाशी होती. तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं. मला पाणी आणून दिलं. मी प्याले.

परत आल्यावर कटिंग पेटीतून काढलं. गळ्याच्या मापाचा कागद कापला, त्यावर तू सांगितलेलं जसंच्या तसं उतरवलं आणि मागून खळ लावून बसवलं. अंबियानं वाचून पाहिलं, तिला आता जोडाक्षरंही लागतात. खळ वाळेपर्यंत तिनं कड दाबून धरली. माप बरोबर आलं. "एवढं लवकर कळव" याच्याखाली दोन बोटं जागा उरली आहे. नाव मी तिथं लिहिलेलं नाही. लवकर कळवायचं होतं ते मी केलं नाही, तेव्हा ती जागा माझी नाही.

मेहेरून तुला चालत असेल तर तू तुझ्या हातानं एका चिठोऱ्यावर लिहून पाठव, मी तिथं लावीन. चालत नसेल तर दुसरं पाठव, मी पुन्हा पलाशबाडीला जाऊन सांगून येईन. किंवा नावाचं काही लिहू नकोस, मला जे ऐकवायचं राहिलं असेल ते लिही, कितीही पानांचं.

मी वाचीन. मला वेळ लागतो, पण आता मी शेवटपर्यंत वाचते.

मा